मधला स्टंप

दोन स्टंप. वर एकच लांब बेल. हॉकीच्या काठीसारखी वाकडी बॅट. धाव निघाली की चाकूने खाच पाडायची ती काठी. थर्मासमध्ये बिनदुधाचा सुलेमानी चहा. रविवारी एका ड्रायव्हरला कायमचं घरी पाठवायचं.

चेंडू तिसऱ्यांदा दोन स्टंपांच्या मधून निघून गेला. बेल हलली नाही. बर्नार्ड नॉट आऊट.

"वाचलात हो सर!" मागून विकेटकीपर लॉयड ओरडला. "नशीब, आज अठराव्या शतकात आहोत."

अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्लिश क्रिकेट, हे खूळ कंपनीत साहेब असलेल्या बर्नार्डचंच. हिवाळाभर शुक्रवारी इथे आखातात, अल खोरच्या मोकळ्या मैदानात जुन्या नियमांनी खेळायचं. आज समोरच्या संघात एक गडी कमी पडला, म्हणून ऐनवेळी अबूबकरला उतरवलं. अबूबकर रत्नागिरीचा, कंपनीची बस चालवणारा. चेंडू खालून टाका, एवढंच त्याला सांगितलं होतं. बाकीचं दिसतच होतं.

बर्नार्डला हसू आलं नाही. त्या काळी पैजा लावणारे खेळाडूंना फोडायचे, हे त्याने वाचलं होतं. आणि रविवारी कुठल्या ड्रायव्हरचं नाव जायचं ते बर्नार्ड ठरवणार, हे अख्ख्या कंपनीला ठाऊक होतं. अबूबकरच्या दोन्ही मुली इथेच शिकत होत्या. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की शाळा खलास.

एकदा चुकून. दोनदा योगायोगाने. तिसऱ्यांदा?

इतका पक्का नेम. आणि साहेब समोर असताना बेल पडत नाही?

बॅट काखेत मारून तो चालत अबूबकरकडे गेला.

"अबूबकरभाई, मला आऊट करायचं नाही असं ठरवूनच आलात काय?"

"काय बोलता सर!"

"मग स्टंप सोडून कशाला टाकताय? असल्या लाडीगोडीने नोकरी टिकत नाही. उलट जाते."

अबूबकरचा चेहरा उतरला. "अल्लाशप्पथ सर, सोडून नाय टाकत. बरोब्बर मधल्या स्टंपावर टाकतोय. लागत कसा नाय, तेच कळत नाय."

लॉयड पोट धरून हसला. "चाचा, मधला कुठून आणलात? यल्ला, चला, आम्हालापण दाखवा!"

बर्नार्डने मागे वळून पाहिलं. दोन काठ्या. मध्ये नुसती वाळू दिसत होती.

"किती स्टंप दिसतात तुम्हाला?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"तीन. किती असणार सर?"

"एक डोळा मिटून बघा."

अबूबकरने डावा डोळा मिटला. मग डोळा उघडला, पुन्हा मिटला. हातातला चेंडू त्याने विजारीला पुसला, पुसतच राहिला.

"एका डोळ्याने दोनच," तो म्हणाला. आणि मग, फक्त बर्नार्डला ऐकू जाईल असं, "सर, मुलींची परीक्षा होऊ द्या."

म्हणजे माणूस लबाड नव्हता. तो लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, असं बर्नार्डला वाटलं.

सकाळी अल हिलालहून हायवेने सगळ्यांना, बायकामुलांसकट, अबूबकरनेच बसमधून आणलं होतं.