सातव्या विहिरीची भागूबाई

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सातव्या तेलविहिरीचा चौकोन लाल झाला, तेव्हा तिचे बाबा त्याच विहिरीच्या तोंडाशी वाकून बोल्ट आवळत होते.

"आतून गॅस उसळतोय म्हणतंय मॉडेल," ती म्हणाली. "विहीर बंद करूया, साहेब."

पाळीप्रमुख साहेबांनी मानही वर केली नाही. "परवाही म्हणालं होतं. त्याच्या आधीही. दोन्ही वेळा तेल थांबलं, वरून बोलणी मी खाल्ली. आणि निघालं काय? डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही."

धोक्याचा इशारा देणारं हे संगणकी मॉडेल तिनेच तयार केलं होतं, विहिरींच्या दाबाच्या जुन्या नोंदी चारून चारून. दोनदा तोंडघशी पडल्यावर सगळे त्याला भित्री भागूबाई म्हणू लागले होते. त्यात बाबा सगळ्यांच्या पुढे.

तिने वायरलेस उचलला. कामावर ती त्यांना फोरमन म्हणत असे. आज तेही सुचलं नाही. "बाबा, बाजूला व्हा!"

"भागूबाई पुन्हा घाबरली वाटतं," पलीकडून हसू आलं. "दोन बोल्ट राहिलेत गं."

दाबाचा आकडा चढतच होता. साहेबांनी फोन लावला. "थांब, वर विचारतो."

वर विचारून खाली उत्तर येईपर्यंत काय काय झालं असतं, देव जाणे. तिने सरळ विहीर बंद करायचं बटण दाबलं.

आकडा अडखळला, मग उतरू लागला.

तपासणी झाली. काहीच सापडलं नाही. गॅसचा दाब ओसरला होता, त्याच्याबरोबर पुरावाही. बाबा फडक्याला हात पुसत आत आले.

साहेबांनी पडद्यावर इशाऱ्याची नोंद उघडली. नियम साधा होता: काही फुटलं, पेटलं, कुणाला लागलं, तर इशारा खरा. नाहीतर खोटा.

"नुकसान काय झालं?"

"बंद केली म्हणून झालं नाही!"

"म्हणजे नाहीच झालं ना?"

तिने बाबांकडे बोट दाखवलं. "हे इथे धडधाकट उभे नसते, तर इशारा खरा लिहिला असता का?"

साहेब चपापले. माणूस वाईट नव्हता. पण नियमाबाहेर पाऊल टाकायची छाती नव्हती. त्यांनी 'खोटा'वर बोट टेकवलं.

अशा प्रत्येक नोंदीतून मॉडेलने लगेच शिकावं, ही सोय तिनेच केली होती. दाब असा चढला की गप्प बसायचं, हे ते आता शिकणार होतं.

"जाऊ दे गं, एवढं काय मनावर घेतेस," बाबांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. "ते दोन बोल्ट आवळून टाकतो. साहेब, करा चालू विहीर."

दार लागलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'धन्यवाद. सुधारणा झाली.'

विहीर सुरू झाली. थोड्या वेळाने आकडा पुन्हा चढू लागला. चौकोन हिरवाच होता. ती वायरलेसकडे धावली; घाबरणारी आता ती एकटीच उरली होती.