दुसरी वायर

भीमाशंकर आला तो भार्गवीशी बोलायला नव्हे. खुर्ची ओढून तो थेट तिच्या वडिलांसमोर, रेणुकादासांसमोर बसला.

लोहा गावातल्या त्या गल्लीत घरोघरी केबल टीव्ही नि इंटरनेट त्याचंच. बंद पडलं की फोन उचलायचा नाही, आणि फार बोललं तर कनेक्शन काढून टाका म्हणायचा. काढून जाणार कुठं, हे त्याला ठाऊक होतं. भार्गवी घरून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. ऐन मीटिंगमध्ये लाइन जायची. शेवटी साहेबांनी सांगितलं, पुण्याला या, नाहीतर नोकरी सोडा. तिनं तिसरंच केलं. दुसऱ्या इंटरनेटवाल्यांना गाठलं. ते यायला तयार होते; पेटी बसवायला कुणाची तरी गच्ची हवी होती. भीमाशंकरच्या धाकानं गल्लीत कुणी हो म्हणेना. तेव्हा तिनं आपल्याच गच्चीचा शब्द दिला.

"काका, तुमी भला माणूस," भीमाशंकर म्हणाला. "पोरीला समजावा. या गल्लीत दुसरी वायर येनार न्हाई."

रेणुकादासांनी तहसिलीतली सारी नोकरी मान खाली घालून काढली होती. कुणाला नाही म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. भार्गवी येऊन त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

"गच्ची माझी आहे," ते म्हणाले, "पण चावी हिच्याजवळ असते. बोलायचं ते हिच्याशी बोल."

भीमाशंकरला पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघावं लागलं. भार्गवीनं त्याला शांतपणे सांगितलं, की दादा, तुमची वायर तोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. ज्याची चांगली चालेल, त्याची लोक ठेवतील. तो चहा न घेताच उठला.

पेटी बसली. काही घरं नव्या लाइनवर गेली. बाकीची भीमाशंकरकडंच राहिली, पण आता धाकानं नव्हे. तक्रार गेली की तो स्वतः शिडी घेऊन हजर व्हायचा. शेजारच्या साखराबाईंना याचं भारी नवल. भार्गवीनंही टीव्हीसाठी त्याची वायर ठेवली होती.

एका सकाळी रेणुकादासांचा फोन वाजला. भीमाशंकर होता.

"काका, लाइन बराबर चालून राहिली का? भार्गवीताईला जरा इचारता का?"

रेणुकादास खोलीच्या दारापाशी गेले. आत भार्गवी पुण्याच्या लोकांशी बोलत होती, न अडखळता. ते दारातच थांबले. मग ताठ उभं राहून फोनवर म्हणाले, "मॅडम कामात आहेत. नंतर कर."