येते हं!

मॉरिशसच्या त्या खाडीतली घरं तरंगती होती आणि माणसाचं बोलणं त्यांना कळायचं. 'जातो' म्हटलं, की वादळात घराने नांगर सोडून आपला जीव वाचवायचा. वादळाचा इशारा आला, तेव्हा बाहेर पडताना शेजाऱ्यांनी आपापल्या घरांना तिथल्या क्रिओल बोलीत तसं सांगितलं. अनुसयाकाकूंच्या तोंडून मात्र सवयीने निघालं, "येते हं!"

वादळ ओसरल्यावर काकू परतल्या, तर खाडी ओस पडलेली. एकच घर उरलं होतं, त्यांचं. छप्पर उडालेलं, भिंती पिचलेल्या, पण नांगर घट्ट धरलेला.

"अरे वेड्या, निघून का नाही गेलास?"

"येते म्हणालात ना?" घराचा आवाज पार बसला होता. "मग थांबायला नको?"

काकूंनी ओल्या उंबऱ्यावर डोकं टेकलं.

"आले रे बाबा, आले."