हंसाबाईंचा बिनदुधाचा ईस्टर

ईस्टरच्या दुपारी ताटात पाटोडीचा रस्सा पडला तेव्हा शमुवेलरावांनी वाटी जराशी तिरपी करून तळापर्यंत पाहिलं. बेसनाच्या रश्श्यातही एखादं हाडूक निघेल, अशी आशा काही माणसांना शेवटपर्यंत असते.

"काय शोधून राह्यले?" हंसाबाईंनी विचारलं.

"काही नाही. तर्री पाहून राह्यलो."

नवऱ्याची नजर हंसाबाईंना कळत होती. एसटीतून निवृत्त झालेला हा कंडक्टर दर वर्षी उपासकाळाचे चाळीस दिवस मटणाशिवाय काढायचा, पण एकाच बोलीवर: ईस्टरच्या दुपारी सगळी भरपाई व्हायची. आणि उपासकाळ म्हणजे तरी काय, मटण-कोंबडी तेवढी बंद. दूध, दही, अंडी बिनधास्त चालायची. यंदा तीही घरातून गेली होती. कारण सून.

सुरभी महागावची, शेतकऱ्याची पोर. पियुषनं तिच्याशी कोर्टात लग्न केलं, दारव्ह्याला आईबापाजवळ आणून ठेवलं आणि खोली मिळाली की नेतो म्हणून गुजरातेत कामावर निघून गेला. दुसऱ्याच दिवशी राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस. सकाळी हंसाबाईंनी दुधाचा चहा पुढं केला, तर पोरगी हळूच म्हणाली, "मले बिनदुधाचाच द्या, आई." दुपारी तिनं दही घेतलं नाही. रात्री अंड्यांच्या रश्श्याकडं नुसतं पाहिलं आणि जवसाच्या चटणीशी भाकर खाल्ली.

निदान केलं शेजारच्या सत्यशीलाबाईंनी. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळं त्यांना सगळ्याच गोष्टींचं नाव माहीत असतं. "वीगन हाये ते, हंसाबाई. जनावरापासून आलेलं काहीच खात नाहीत असे लोक. माह्या भाचीच्या ऑफिसात लय आहेत."

सरळ पोरीलाच विचारलं असतं तर झालं असतं. पण हंसाबाई स्वतः सून होत्या तेव्हा सासूनं त्यांचे घास मोजले होते. आपल्या सुनेला ताटावरून एक शब्द विचारायचा नाही, हे त्यांनी पियुष पाळण्यात होता तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यात सुरभीच्या वडिलांचं, बबनरावांचं, लग्नाआधीचं बोलणं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. "थे लोक माह्या पोरीले काय काय खाऊ घालतीन, देव जाने." उद्या सोमवारी सुरभी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाणार होती. तिथं तिनं एवढंच सांगावं, की सासरी माझ्यावर कुणी कसली जबरदस्ती केली नाही. त्यासाठी हंसाबाईंनी गवळ्याला नाही म्हटलं, तुपाची बरणी सत्यशीलाबाईंकडं पोचवली आणि नवऱ्याला दम दिला. जे सुनेच्या ताटात, तेच घराच्या.

"आणि ईस्टरले?" शमुवेलरावांनी केविलवाणं विचारलं होतं.

"ईस्टरले काय तिले उपाशी ठेवता?"

आता खरं सांगायचं तर आजचा दिवस काही वाईट चालला नव्हता. पहाटेच्या उपासनेहून आल्यावर तिघं कूलरसमोर पाय पसरून बसले. गवती चहाचा कोरा चहा झाला. शमुवेलरावांनी त्याला नावं ठेवली आणि अजून अर्धा कप मागितला. माठाला टेकून कैरीच्या पन्ह्याचा गंज गार होत होता. शेवयांच्या खिरीत नारळाचं दूध पडलं होतं, आणि ते दुधापेक्षा बरं लागतं हे हंसाबाईंनी चाखताना स्वतःशीच कबूल केलं. गल्लीतल्या पोरांना दर वर्षी त्या रंगवलेली अंडी वाटायच्या. यंदा त्यांनी बाजारातून कवठं आणली आणि त्यांच्यावर पिवळ्या-निळ्या वेली काढल्या. पोरांनी ती आधी फरशीवर आपटली, मग गूळ मागून खाल्ली. अंड्यांना एवढा मान कधी मिळाला नव्हता.

"तुमच्यात ईस्टरले कवठं रंगवतात?" सुरभीनं कौतुकानं विचारलं.

"पयलेपासूनच," हंसाबाई म्हणाल्या.

शमुवेलरावांना ठसका लागला. सुनेनंच त्यांना पाणी दिलं.

आणि आता जेवताना सुरभीनं पाटोडी परत मागून घेतली. वाटीच्या तळाचा शोध संपल्यावर शमुवेलरावांनीही घेतली. हंसाबाई वाढता वाढता मनात गोळाबेरीज करत होत्या. उद्या महागावात बबनरावांना बोलायला जागा राहणार नव्हती.

जेवण आटोपलं तरी सुरभी उठेना. रिकाम्या ताटात बोट फिरवत बसली.

"आई, एक विचारू का? राग तर नाही येणार?"

हंसाबाईंना वाटलं, कुठंतरी दुधाचा चमचा लागला. पोरीला वास आला. संपलं.

"विचार न व. राग कायचा?"

"हे जाताना सांगून गेलते का, आपल्या घरी चाळीस दिवस जनावराचं काही चालत नाही, ईस्टरले सुटते. पयल्या दिवशी तुम्ही माह्यासाठी म्हनून दूध, दही, अंडे सारं केलं, तर मलेच कसंतरी झालं. म्हटलं, माह्यापायी साऱ्या घरानं नेम कायले मोडाचा? मंग तुम्ही दोघंही एवढं कडक पाळून राह्यले का माही काही बोलाची हिंमत झाली नाही. पण आज तर ईस्टर झाला नं?"

शमुवेलरावांनी रिकामी वाटी पुन्हा तिरपी करून पाहिली. हंसाबाईंनी त्यांच्याकडं बघायचं कटाक्षानं टाळलं.

"आमच्या घरी चतुर्थी चंद्र पाह्यला का सुटते," सुरभी चाचरत म्हणाली. "तुमचा हा उपास सुटते तरी कधी? बाबानं उद्यासाठी कोंबडा राखून ठेवला हाये."