वरून आलेला फोन

“थांबा साहेब. ते वाक्य पुन्हा वाचा.”

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “‘संध्याकाळी फोन वाजला आणि रिसीव्हर उचलताना माझा हात थरथरला.’”

“हे तुमचं नाही,” ताई म्हणाल्या. “हे माझं आहे.”

वर्गातल्या अकरा जणांनी माना खाली घातल्या. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सकाळी ताई लिहायला शिकवत. त्यांच्या माघारी सगळे त्यांना ‘कात्री’ म्हणत. त्यांचा आवाज असा बारीक झाला की कोणाचा तरी कागद फाटणार, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. पण आजचा कागद अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा होता. आणि हा माणूस एकेकाळी ताईंचा संपादक होता.

बत्तीस वर्षांपूर्वी ताई वार्ताहर होत्या. एका कापड गिरणीचा बॉयलर न तपासताच पास झाला होता. ताईंनी ती बातमी कागदपत्रांसकट आणली आणि मंगळवारी साहेबांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. “वरून फोन आलाय,” ते म्हणाले. “ही लागणार नाही.” शुक्रवारी बॉयलर फुटला. नऊ माणसं गेली. शनिवारी साहेब निघायच्या आत ताईंनी राजीनामा त्यांच्या अंगावर फेकला.

पुढे त्यांनी मालिका लिहिल्या. एकाच घरातलं एकच भांडण सहाशे भाग ताणलं. मग सिनेमा लिहिला. त्यात एक संपादक होता. भला माणूस. वरून फोन येतो, रिसीव्हर धरलेला त्याचा हात थरथरतो आणि एक बातमी मरते. थेटरात लोक त्या प्रसंगाला रडायचे. ताईंना बक्षीस मिळालं. साहेबांना माफी मिळाली, न मागता.

आणि आता तोच थरथरता हात ते आपल्या आठवणी म्हणून वाचत होते.

“माझीच दया मला वाचून दाखवताय?” ताई म्हणाल्या. “आठवणी लिहायच्यात ना? मग स्वतःच्या लिहा. फोन कोणाचा होता? मालकांचा? मंत्र्याचा? नाव लिहायला अजून भीती वाटते? एव्हाना सगळे मेले असतील!”

साहेबांनी कागदाची कड दुमडली.

“तो काय बोलला? हॅलोच्या पुढचा पहिला शब्द सांगा.”

“अगं, जाऊ दे ना आता...”

“नाही जाऊ देणार!” ताईंनी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला आडवा झाला. तो उचलायला कोणी उठलं नाही. “त्या नऊ जणांतल्या एकाची बायको माझ्या दारात आली होती. ‘तुम्हाला आधीच माहीत होतं ना?’ एवढंच विचारलं तिनं. काय सांगायचं होतं मी तिला? आमच्या साहेबांचा हात थरथरला?”

साहेबांनी चष्मा काढला. तो घडी घालून खिशात ठेवला.

“फोन आला नव्हता,” ते म्हणाले.

“म्हणजे?” ताई म्हणाल्या.

“कोणाचाच नाही. शनिवारपासून मी आठ दिवस सुट्टीवर निघालो होतो. बायकोच्या माहेरी. बातमी लागली असती तर नोटिसा, खुलासे, वकील... सुट्टी बोंबलली असती. म्हटलं, आल्यावर बघू. पण तुला तोंडावर हे कसं सांगणार? म्हणून फोनचं सांगितलं.”

“बाप रे,” पहिल्या बाकावरच्या नर्सच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी दाराकडे बोट केलं. “चालते व्हा,” त्या म्हणाल्या. साहेब उठू लागले. “नाही. बसा! बसा तिथेच. इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरले, हा माणूस वाईट नव्हता, दबावाखाली होता. मुलाखतींत सांगितलं. पडद्यावर दाखवलं. तुम्ही बघितलात तो सिनेमा?”

“दोनदा,” साहेब म्हणाले. “दुसऱ्यांदा बघितला तेव्हा मलाच खरं वाटायला लागलं.”

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. ताईंनी साहेबांच्या हातातला कागद हिसकावला आणि फाडला. पुन्हा फाडला. तुकडे एवढे लहान झाले की आणखी फाडता येईनात, तरी बोटं थांबेनात.

“ताई,” नर्स म्हणाली. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं तिचं कोपर ओढलं, पण ती बोललीच. “मंगळवार ते शुक्रवार, तुम्हीच मुलाखतीत सांगितलंय. मध्ये तीन दिवस होते. फोन कोणाचा आला, हे तुम्ही तेव्हा का नाही विचारलं?”

ताई गर्रकन वळल्या. आता हिची खैर नाही, असंच सगळ्यांना वाटलं. ताईंनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. साहेबांचा दरारा, नवी नोकरी, कोवळं वय. मुलाखतींत ते कितीदा देऊन झालं होतं. नर्स त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

ताई खुर्चीत बसल्या.

“कारण मला आनंद झाला होता,” त्या म्हणाल्या. “वरून फोन यावा, एवढी मोठी बातमी मी आणली होती.”