ताईंच्याच मशीनवर चालत नाही

"सगळ्यांच्या मशीनवर चालतं, फक्त तुमच्याच मशीनवर चालत नाही, ताई," टीमलीडने पुन्हा एकदा ऐकवलं, तेव्हा ताईंना लॅपटॉप उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला.

पण लॅपटॉप कंपनीचा होता आणि नोकरी अजून पक्की नव्हती. मुलगी मोठी होईपर्यंत आठ वर्षं घरी काढून ताई पुन्हा कामाला लागल्या होत्या. कंपनीने महिनाभर काम बघून ठरवू म्हटलं होतं, आणि तो महिना आज संपत होता. सासूबाई रोज विचारायच्या, झालं का गं पक्कं? ताई रोज विषय बदलायच्या.

काम तसं साधं. कंपनी लोकांचे कपडे घरून नेऊन, धुऊन, इस्त्री करून परत पोचवायची. त्याच्या अ‍ॅपमध्ये काही बदल केला की आधी आपल्या लॅपटॉपवर चालवून बघायचा, मगच खऱ्या ग्राहकांपर्यंत जाऊ द्यायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक छोटी फाइल लागायची. सगळे तिला 'एन्व्ही' म्हणायचे. डेटा कुठून घ्यायचा, पासवर्ड कुठला, सगळ्या किल्ल्या तिच्यात. एक अक्षर चुकलं की सगळं मुसळ केरात.

बाकीच्यांनी ही फाइल टीमलीडकडूनच उचलली होती. ताईंनी मागितली तर त्याचं प्रवचन सुरू झालं. सगळे त्याला मागून पंतोजी म्हणायचे ते काही उगाच नाही. सूचनांचं पान वाचून स्वतः बनवा, आयतं मिळालं की माणूस शिकत नाही, म्हणे. मग या बाकीच्या शहाण्यांचं काय, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलायची सोय नव्हती.

त्यांनी पान वाचून फाइल बनवली, डेटाचा पत्ताही पानावरचाच, सरावाचा, घातला. एकेक ओळ ताडून पाहिली. कुठे जास्तीची जागा सुटली का, अवतरणचिन्ह राहिलं का, सगळं तपासलं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फाइल पुसून पहिल्यापासून लिहिली. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अ‍ॅप उघडायचं, पण ग्राहकांची यादी रिकामी. एक माणूस दिसेल तर शपथ.

शेजारच्यांच्या स्क्रीनवर मात्र ही गर्दी. सरावासाठी भरलेली खोटी माणसं, पण काय एकेक नमुने! एक आजोबा तर सगळ्यांचे लाडके. त्यांच्या ऑर्डरखाली सूचना असायची, 'बेल दोनदा वाजवा, मला कमी ऐकू येतं. मागच्या वेळी कॉलरचा डाग तसाच होता.' ज्याला हे सुचलं त्याने गोष्टी लिहायला हव्या होत्या, असं सगळे म्हणायचे. ऑर्डर रद्द करायचं बटण तपासायचं झालं की आजोबांचीच ऑर्डर रद्द व्हायची. दुसऱ्या दिवशी त्यांची नवी ऑर्डर तयार. डेटा आपोआप नवा भरला जातो, म्हणे.

संध्याकाळी पंतोजी ताईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्यांची फाइल त्याने वाचलीसुद्धा नाही. आपला लॅपटॉप पुढे सरकवला, यादी उघडली आणि आजोबांची ऑर्डर टिचकीसरशी रद्द करून दाखवली.

"इतकं सोपं आहे हे," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका, ताई, पण आठ वर्षांत जग फार पुढे गेलंय. सोमवारपासून नाही आलात तरी चालेल."

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यात दुःखापेक्षा संतापच जास्त होता. आता घरी काय तोंड दाखवायचं? त्यांनी डबा आणि चष्मा पर्समध्ये कोंबला. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

त्या निघाल्या तर दारातच एक म्हातारे गृहस्थ उभे. काखेत मळक्या शर्टांचं गाठोडं, आणि जिना चढून धाप लागलेली. कोण हवंय, असं ताईंनी विचारलं. त्यांनी कानामागे हात धरला.

"जरा मोठ्याने बोला, बाई, मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "मी रोज ऑर्डर देतो. ती रोज रद्द कोण करतं, त्याला एकदा बघायचंय."