खाली अजून आहे

रोशनी सुकेळ्यांचा पुडा घेऊन माफी मागायला आली, तेव्हा दिनानाथ स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसले होते. उमेळ्याहून बोळिंजला ती दोन रिक्षा बदलून आली होती. पुडा केळीच्या सुक्या पानात बांधलेला. आईने दिलीत, वाडीतल्या राजेळी केळ्यांची आहेत, असं तिने सांगितलं आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सर, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

"अगं, यांचं नाव असं कुणामुळे खराब होत नाही," म्हणत दिनानाथांच्या पत्नी लतिकाबाई पाणी आणायला गेल्या.

दिनानाथ एका इम्युलेटरचे मेंटेनर होते. इम्युलेटर म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात खोटा संगणक चालवणारा प्रोग्रॅम. हा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी. खोटा संगणक जागा झाला की त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, आधी विचारतं, मेमरी किती, डिस्क कोणती. ही उत्तरं देणारा कोड दिनानाथांच्या देखरेखीखाली होता. घरात त्यांना इतकं कुणी विचारत नसे. कुणाची दुरुस्ती आली की ओळ न् ओळ वाचायची आणि पटली तर खाली 'तपासलं' म्हणून आपलं नाव घालायचं, एवढं काम. नाव दिसलं की बाकीचे निर्धास्त.

रोशनीची पहिली दुरुस्ती आली तेव्हा दिनानाथांनी पाठवणारीचं नाव वाचलं आणि नावाखालचं गाव वाचलं. उमेळे, वसई. त्यांचा ऊर भरून आला. लतिकाबाईंना हाक मारून त्यांनी सांगितलं, बघ, आपल्या इथली मुलगी. मग भरल्या उरानेच त्यांनी उत्तरात एक शब्द लिहिला, छान, आणि खाली नाव घातलं. वाचायचं तेवढं राहिलं.

या कोडमध्ये आकडा पाठवताना मोठा भाग आधी आणि लहान मागून पाठवायचा असतो. रोशनीने उलटा पाठवला. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि वीस मागून, तसा. नवी आवृत्ती निघाली आणि देशोदेशीचे खोटे संगणक खरोखरच बंद पडले. नुसता काळा पडदा. ऑनलाइन चर्चेत एका जर्मन गृहस्थाने अतिशय सभ्यपणे विचारलं, हे तपासलं कुणी होतं? दिनानाथ उत्तर जुळवत होते, तोवर रोशनीनेच लिहून टाकलं की चूक सर्वस्वी तिची. दिनानाथांनी उत्तर जुळवणं थांबवलं.

आता ती समोर बसून सांगत होती की लोक तिच्या नावावरून हसतात. ऑफिसातही कुणीतरी तिला 'पंचवीस' म्हणायला लागलं होतं. झालेलं निस्तरणारी दुरुस्ती तिने करून आणली होती, आणि ही गेली की पुन्हा काही पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. आपला तो प्रांत नाही, म्हणाली.

"खरं सांगू का सर, मला तेव्हाच शंका आली होती. दुरुस्तीच्या खाली, अगदी शेवटी, मी विचारलंसुद्धा होतं, आकड्याचा क्रम बरोबर आहे ना म्हणून. पण तुम्ही छान म्हणालात. मग मी माझं ऐकलं नाही."

दिनानाथांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. तो तिचा होता.

"हे फार बारकाईने वाचतात गं," लतिकाबाई म्हणाल्या. "परवा मिठाच्या पिशवीवरचंसुद्धा सगळं वाचलं." आणि चहा टाकायला आत गेल्या.

रोशनीने लॅपटॉप उघडून टीपॉयवर ठेवला. पाठवण्यापूर्वी सरांनी एकदा बघावं. त्यांचं नाव असलं तर बाकीचे ऐकतील.

दिनानाथांनी चष्मा लावला. डोळे पडद्यावर होते, पण कानात 'माझं ऐकलं नाही' एवढंच चाललं होतं. जितका वेळ बघितलं की वाचल्यासारखं दिसतं, तितका वेळ त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "छान आहे."

रोशनी पुड्याची गाठ सोडत होती. तिचे हात थांबले. तिने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आल्यापासून प्रथमच नीट पाहिलं.

"सर," ती हळूच म्हणाली, "खाली अजून आहे."

आतून लतिकाबाई विचारत होत्या, साखर किती.

दिनानाथ वाचायला लागले. ओळ न् ओळ. एके ठिकाणी अडले, मागे गेले, पुन्हा खाली आले. चहा आला, त्यावर साय धरली. कोड बरोबर होता. तळाशी, ही दुरुस्ती का करावी लागली ते तिने इंग्रजीत लिहिलं होतं. आधी, चूक माझी. मग शेवटचं वाक्य: द रिव्ह्यूअर वॉज नॉट ॲट फॉल्ट. तपासणाऱ्याचा दोष नव्हता.

हे सगळ्या जगात जायचं होतं, त्यांच्या नावासकट.

"एक बदल आहे," दिनानाथ म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. त्यांनी त्या वाक्यातला 'नॉट' खोडला. मग ते वाक्य उचलून तिच्या 'चूक माझी'च्या वर नेऊन ठेवलं, आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

रोशनीने दोन्ही वाक्यं वाचली. खात्री करावी तशी पुन्हा वाचली. छान म्हणाली नाही.

"हां," म्हणाली, "आता क्रम बरोबर आहे."